चाकाची किंमत आणि शर्यतीचा धर्म

जबलपूरहून भोपाळच्या रस्त्याला लागलं, की भेडाघाटचा फाटा मागे टाकून शहपुरा येतं. हिवाळ्यात हा सगळा टापू हिरव्या मटाराचा. बाजाराच्या रस्त्यावर गोण्यांनी लादलेल्या ट्रॉल्यांची रांग लागते. तालुक्याच्या अंगाने नर्मदा वाहते आणि तिच्या काठाने परिक्रमावासी चालत असतात. त्यांत मराठी माणसं भरपूर. जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ने तर परिक्रमेची ओढ कितीतरी मराठी घरांत पोचवली. नदी १,३१२ किलोमीटर लांब, म्हणजे दोन्ही काठ मिळून पायवाट अडीच हजार किलोमीटरच्या वर जाते. नियम कडक आहेत. पात्र ओलांडायचं नाही, नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, चातुर्मासात मुक्काम करायचा, संग्रह करायचा नाही, जे सदावर्त मिळेल त्यावर भागवायचं. परंपरेने सांगितलेला काळ तीन वर्षं, तीन महिने आणि तेरा दिवसांचा.

आता बसनेही परिक्रमा होते, दोन-तीन आठवड्यांत. गुडघे गेलेली आजी बसने जाते तेव्हा कोणी बोट दाखवत नाही, आणि दाखवूही नये. पण धडधाकट माणूस एसी गाडीतून फिरून आला आणि पायी चालून आलेल्याच्या पंक्तीत बसला, तर मनात प्रश्न उभा राहतोच. साधन बदललं की फळ बदलतं का? पैशाने विकत घेतलेली सोय कर्तृत्वात मोजायची का?

हाच प्रश्न मातीवर शर्यत लावणाऱ्यांना दर आठवड्याला पडतो. तिथे तो पुण्याच्या रूपात येत नाही, टायरच्या बिलाच्या रूपात येतो. म्हणून तो हलका ठरत नाही.

अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यात, आयोवा, इंडियाना, इलिनॉय या शेतीच्या राज्यांत, गावोगाव चिकणमातीचे अंडाकृती ट्रॅक आहेत. पाव मैल, अर्धा मैल लांबीचे. शुक्रवार-शनिवारच्या रात्री तिथे मेकॅनिक, शेतकरी, वेल्डर, ट्रकचालक स्वतः बांधलेल्या गाड्या पळवतात. प्रेक्षक बहुतेक त्याच गावचे. गाडी सतत डावीकडे वळत असल्याने वजन उजव्या बाजूला फेकलं जातं आणि मागच्या उजव्या टायरवर सगळ्यांत जास्त मार बसतो. संध्याकाळी पाणी मारलेली माती ओली, चिकट असते. रात्र चढते तशी ती वाळते, घट्ट होते, काळी आणि गुळगुळीत पडते. अशा मातीवर मऊ रबर पकड धरतं आणि कडक रबर घसरतं. मात्र मऊ रबर लवकर झिजतं. एका टायरला दोनशे डॉलर किंवा जास्तच पडतात, आणि लहान ट्रॅकवर मधल्या क्रमांकावर येणाऱ्याला मिळणाऱ्या बक्षिसातून तो टायरही निघत नाही.

ज्याच्याकडे पैसा आहे तो दर शर्यतीला नवा मऊ टायर चढवतो. ज्याच्याकडे नाही तो मागच्या आठवड्याचा टायर घेऊन येतो, ग्राइंडरने त्याचा चकाकलेला थर घासून काढतो, तापवलेल्या पात्याने त्यात खाचा कापतो, बारीक चिरा देतो. या कामात हाताचं कसब आहे, तासन्‌तासांची मेहनत आहे. तरीही तो मागे पडतो. दोन-चार हंगाम असं चाललं की तो येणंच सोडतो. पैशाने जिंकणाऱ्याचा सगळ्यांत मोठा तोटा हाच. ज्यांना हरवून जिंकायचं ती माणसंच उरत नाहीत.

यावर उपाय म्हणून टायरचे नियम आले. अमुकच रबर वापरायचं, अमुकच कंपनीचा शिक्का हवा, एका रात्रीत इतकेच नवे टायर, खाचा कापायच्या नाहीत. १९१५ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल मोटर कॉन्टेस्ट असोसिएशनने, म्हणजे आयएमसीएने, १९७९ मध्ये ‘मॉडिफाइड’ गाड्यांचा एक वर्ग सुरू केला. त्यात चारही चाकांना एकाच जातीचा, मुद्दाम कडक ठेवलेला टायर सक्तीचा झाला. पकड कमी, पण टिकाऊ. गाडी घसरते आणि ती सावरणं चालकाच्या हातावर येतं.

याच वर्गात आणखी एक नियम होता, आणि तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांनी त्याच्याकडे लक्ष द्यायला हवं होतं असं वाटतं. जिंकणाऱ्याचं इंजिन हरलेला चालक काही शे डॉलरच्या ठरलेल्या रकमेत तिथल्या तिथे मागू शकत असे. द्यायला नकार दिला तर त्या रात्रीचं बक्षीस आणि गुण गेले. म्हणजे कोणी हजारो डॉलर ओतून इंजिन घडवलं, तर ते पहिल्याच विजयानंतर शेजारच्या गाडीत जाण्याची शक्यता. खर्च किती करावा हे कुणी सांगितलं नाही, कुणाच्या पावत्या तपासल्या नाहीत. एवढंच ठरवलं, की जे हातचं जाऊ द्यायची तयारी आहे तेवढंच गाडीत घालावं.

जैन परंपरेत या गोष्टीला फार जुनं घर आहे. साधूचं व्रत अपरिग्रहाचं, पूर्ण त्यागाचं. गृहस्थाला ते झेपणारं नाही, म्हणून त्याच्यासाठी पाचवं अणुव्रत आहे परिग्रह-परिमाणाचं. जमीन, घर, सोनं-नाणं, गुरंढोरं, धान्य, भांडीकुंडी, प्रत्येकाची मर्यादा माणसाने स्वतः ठरवायची आणि ती पाळायची. संपत्ती वाईट आहे असं इथे म्हटलेलं नाही. तिला कुंपण हवं एवढं म्हटलं आहे. शहपुऱ्याहून फार दूर नाही, जबलपूरच्या तिलवारा घाटावर, आचार्य विद्यासागर यांच्या प्रेरणेने उभं राहिलेलं दयोदय तीर्थ आणि तिथली गोशाळा आहे. १९४६ साली जन्मलेला आणि बेळगाव जिल्ह्यातल्या सदलगा या सीमाभागातल्या गावात वाढलेला मुलगा पुढे दिगंबर मुनी झाला, अनवाणी देशभर फिरला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत डोंगरगडला सल्लेखना घेऊन गेला. मर्यादा ही शिकवण शब्दांपेक्षा चालण्यातून पोचते, याचं असं उदाहरण आपल्या काळात पाहायला मिळालं.

पण व्रत घेतलं म्हणजे पळवाट बंद होत नाही, हेही जैन आचार्यांना पक्कं ठाऊक होतं. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात या व्रताचे अतिचार सांगितले आहेत. दोनच घरांची मर्यादा घेतलेला माणूस तिसरं घर घेतो आणि मधली भिंत पाडून म्हणतो, हे एकच घर. जनावरांची संख्या ठरवलेला माणूस गाईच्या पोटातलं वासरू मोजत नाही. अक्षर पाळलं, व्रत मोडलं.

मातीच्या ट्रॅकवर हे जसंच्या तसं दिसतं. एकच टायर सक्तीचा झाला, तेव्हा काही जणांनी तो टायर रसायनात भिजवायला सुरुवात केली. रसायन रबरात मुरतं, कडक टायर मऊ होतो, आणि शिक्का मात्र नियमातलाच राहतो. तपासनीस मग ड्युरोमीटर घेऊन येतो. हातात मावेल एवढं घड्याळासारखं यंत्र, खाली एक बोथट सुई. ती टायरच्या पृष्ठभागावर दाबली की काटा शून्य ते शंभरच्या दरम्यान थांबतो. आकडा जितका कमी तितकं रबर मऊ. पण गरम टायर थंड टायरपेक्षा मऊच लागतो, त्यामुळे एकट्या काट्यावर कुणाला दोषी ठरवता येत नाही. मग टायरचा तुकडा कापून प्रयोगशाळेत पाठवतात आणि कारखान्यातल्या कोऱ्या नमुन्याशी ताडून पाहतात. एका कडक टायरचा साधा नियम टिकवायला रसायनशास्त्रज्ञ लागतो, ही या गोष्टीची दुखरी बाजू आहे. बाहेरून आणलेली मर्यादा राखायला पहारा लागतो. आतून घेतलेलीला लागत नाही. तरीही, सगळे आतून घेतील तोवर थांबायचं म्हटलं, तर गरीब चालकाने तोवर कुठे जायचं?

मातीत धावणारं चाक आणि नियम यांचा सर्वांत खोल विचार मात्र महाभारतात आहे. युद्धाच्या आधी दोन्ही सैन्यांनी नियम ठरवले. रथी रथीशी लढेल, पायदळ पायदळाशी. म्हणजे साधन समान, मग सामना. पळणाऱ्यावर, निःशस्त्रावर वार नाही. सारथी, ओझं ओढणारी जनावरं, शंख-नगारे वाजवणारे यांच्यावरही नाही. भीष्मपर्वाच्या सुरुवातीचा हा करार वाचताना मन भरून येतं, कारण पुढे तो एकेक करून मोडत जातो हे आपल्याला ठाऊक असतं.

त्यात चाकाच्या दोन गोष्टी आहेत. युधिष्ठिराचा रथ म्हणे जमिनीपासून चार बोटं वर चाले. अश्वत्थाम्याबद्दलचं अर्धसत्य तो द्रोणांना बोलला आणि रथ जमिनीला टेकला. दुसरी कर्णाची. ऐन द्वंद्वात त्याच्या रथाचं चाक जमिनीने गिळलं. तो खाली उतरला, चाक उपसू लागला, आणि अर्जुनाला म्हणाला की धर्म आठव, थांब. त्यावर कृष्ण विचारतो, द्यूतसभेत, अभिमन्यूच्या वेळी हा धर्म कुठे गेला होता? या प्रश्नात सगळी नियमांची चर्चा येते. आपलं चाक रुतल्यावर नियम आठवणं सोपं आहे. चाक नीट फिरत असताना, दुसऱ्याचं रुतलेलं असताना, जो नियम आठवतो त्याचाच नियमावर हक्क. आणि विसरू नये असा आणखी एक धागा इथे आहे. कर्णाला चाक रुतण्याचा शाप मिळाला तो एका ब्राह्मणाची गाय त्याच्या हातून मारली गेली म्हणून. त्याला कळलंही नव्हतं; बाण चुकून लागला होता. मुक्या जनावराची वेदना शेवटी चाकापर्यंत पोचते, असं व्यासांना दाखवायचं होतं की काय, कोण जाणे, पण गोष्टीची बांधणी तशी आहे.

कर्णाची बाजूही सोडून चालणार नाही. रंगभूमीवर तो कसब दाखवायला उतरला तेव्हा कृपाचार्यांनी कुळ विचारलं. दुर्योधनाने तिथल्या तिथे त्याला अंगदेशाचा राजा केलं आणि मगच त्याची जागा झाली. कर्तृत्व होतंच, ते दाखवायला प्रवेश मिळाला आश्रयदात्यामुळे, आणि त्या उपकाराची किंमत तो जन्मभर चुकवत राहिला. पैसा किंवा कुळ ही प्रवेशाची अट झाली, की गुणवानालाही कुणाच्या तरी ताटाखालचं मांजर व्हावं लागतं.

भारतातल्या मातीवरच्या मोटारसायकल शर्यतींत या अडचणीचा एक साधा, चांगला तोडगा दिसतो. राष्ट्रीय सुपरक्रॉसमध्ये परदेशी बनावटीच्या आणि भारतीय बनावटीच्या गाड्यांचे वर्ग वेगळे ठेवले गेले, नवख्यांचा वेगळा, आणि कारखान्याचा पाठिंबा नसलेल्या स्वतंत्र चालकांचाही वेगळा. परदेशी मोटोक्रॉस गाडी घेणं नाशिक-कोल्हापूरच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या पोराला परवडणारं नाही. पण घरातल्या गाडीला सस्पेन्शन बदलून, बटणाचे टायर चढवून तो उतरू शकतो. २०२४ च्या जानेवारीत पुण्याच्या बालेवाडी संकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. तिच्या नावातच सिएट ही टायर कंपनी होती. टायर कंपनीच आश्रयदाती असणं आपल्याकडे नवं नाही. एमआरएफने दशकानुदशकं हा खेळ जगवला आहे. त्याबद्दल कृतज्ञता हवी. मात्र सगळ्यांना एकाच कंपनीचा टायर सक्तीचा करताना त्या कंपनीवर सगळ्यांचं भवितव्यही टांगलं जातं, हे दिसायला हवं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मातीच्या ट्रॅकना टायरांचा तुटवडा इतका भोवला, की एका चालकाला किती टायर विकायचे यावर बंधनं घालावी लागली. नियमाने बांधलेला गरीब चालक दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नव्हता.

उलट टोकाचं उदाहरण फॉर्म्युला वनचं. तिथे दोन कंपन्यांची टायरवरून चढाओढ चालू होती. १९ जून २००५ ला इंडियानापोलिसमध्ये मिशेलिनचे टायर त्या ट्रॅकवर सुरक्षित नसल्याचं ठरलं आणि वीसपैकी चौदा गाड्या सुरुवातीची फेरी घेऊन परत गेल्या. शर्यत सहा गाड्यांत झाली. मोकळी स्पर्धा ठेवा म्हणणाऱ्यांनी आणि एकच टायर ठेवा म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. कुठलाही नियम स्वतःच्या बळावर न्याय्य होत नाही. तो पाहायचा असतो रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या जागेवरून: हा नियम लागू झाल्यावर तो पुढच्या शनिवारी येऊ शकतो की नाही? गांधीजींनी रस्किनच्या पुस्तकातून घेतलेला सर्वोदयाचा विचार हाच होता, आणि शर्यतीच्या मैदानाला तो न्यायालयाइतकाच लागू पडतो.

शहपुऱ्याच्या दक्षिणेला सातपुडा ओलांडला की विदर्भ लागतो आणि तिथून पुढे महाराष्ट्रभर मातीवरची शर्यत बैलांची होते. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा शंकरपट, साताऱ्याकडे पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतलं मैदान, पुण्याच्या खेड-जुन्नर भागातले बैलगाड्यांचे घाट. इथे गाडी हलकी, चाकात फारसा पैसा नाही. पैसा बैलात आहे. नावाजलेल्या खिल्लाराची बोली लाखांत जाते. दूध, अंडी, बदाम, खारीक, रोजचा सराव, पोहणं, सांभाळायला माणूस. मैदानात ‘आदत’, ‘दुसा’, ‘चौसा’ असे दातांवरून गट पाडतात, म्हणजे कोवळ्या बैलाला पुऱ्या वाढलेल्या बैलापुढे उभं करत नाहीत. समान साधनांचा नियम गावाने आपल्या अकलेने केव्हाच शोधून काढला होता. मालकाच्या खिशावरून मात्र गट कुणी पाडत नाही. एका बैलाचा मालक असलेला अल्पभूधारक आणि दावणीला दहा बैल बांधणारा बांधकाम व्यावसायिक एकाच रेषेवर उभे राहतात. बक्षिसं मोठी झाली तशी ही दरी वाढली, आणि यात्रा कमिट्यांनी तिच्याकडे पाहायची वेळ आली आहे. स्वतःच्या शेतात राबणाऱ्या बैलांचा एक गट ठेवला, तर त्यात कुणाचं काय जातं?

तरीही बैल आणि टायर यांत एक फरक आहे, आणि त्यापुढे खर्चाचा प्रश्न मागे सरतो. टायर भिजवला तर फसवणूक होते. बैलाला पराणी टोचली तर वेदना होते. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने नागराजा खटल्यात जल्लीकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही थांबवल्या, तेव्हा हाच मुद्दा पुढे होता: भूक, भय आणि वेदनेपासून जनावराची मोकळीक. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला. १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राचे कायदे वैध ठरवले. आता धाव हजार मीटरच्या आतच हवी, चाबूक-काठी-विजेचा झटका बंद, पशुवैद्याची तपासणी हवी, जिल्हाधिकाऱ्याची परवानगी हवी; क्रूरतेला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. शर्यत ही संस्कृतीचा भाग आहे की नाही, हे ठरवणं घटनापीठाने विधिमंडळावर सोडलं.

कायदा वैध ठरला म्हणून बैलाची संमती मिळाली असं होत नाही. आयएमसीएच्या चालकाने कडक टायर स्वतः पत्करला, परिक्रमावासीने पायांचे फोड स्वतः पत्करले. बैलाने काही पत्करलेलं नाही, म्हणून त्याच्या बाबतीत मर्यादेचा सगळा भार माणसाच्या अंगावर येतो. ज्या गाडामालकांनी बंदीच्या सात वर्षांत बैल कसायाला न देता सांभाळले, त्यांचं प्रेम खरं आहे, यात शंका नाही. त्याच प्रेमाने आता मैदानात उभं राहायला हवं. पहिल्या आलेल्या गाडीच्या बैलाच्या पुठ्ठ्यावर टोचल्याची खूण सापडली, मालक वजनदार आहे, निशाणाची ढाल गावच्या देवळासमोर वाटायची आहे आणि हजारो माणसं शिट्ट्या मारतायत. अशा वेळी पंचाने ती गाडी बाद करायची, ढाल दुसऱ्या आलेल्या गाडीला द्यायची आणि मालकाचं नाव माईकवरून जाहीर करायचं. हे ज्या यात्रांमध्ये घडतं तिथली शर्यत देवाच्या नावाने भरवायला योग्य आहे. जिथे घडत नाही, तिथल्या कमिटीने पुढच्या वर्षीची पत्रिका छापण्याआधी गावाला बसवून हा एकच विषय काढावा.